बारकीची कीर्द-खतावणी

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर दर रविवारी सकाळी मुलांचे भित्तिपत्रक लागते. एक मोठा कार्डशीट. वर सुविचार, मधे बातम्या, कुणाला नोकरी लागली त्याचे अभिनंदन, एखादी कविता आणि खाली उजव्या कोपऱ्यात चार चौकटींची चित्रमालिका. ती काढते आमच्याच चाळीतली एक मुलगी. यंदा दहावीला आहे. तिच्या मालिकेत 'बारकी' नावाची एक पोरगी आहे, बारकीची आज्जी आहे, नळ आहे, जिना आहे. खरे सांगायचे तर आमचे लोक ते भित्तिपत्रक खालून वर वाचतात. आधी बारकी, मग सुविचार.

बारावा रविवार आला आणि कोपरा कोरा. भाजीची पाटी घेऊन निघालेल्या एक बाई भिंतीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आज बारकी सुट्टीवर गेली काय?" मला उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी मुलीला गाठले. म्हणाली, "काका, संपलं."

"काय संपलं?"

"विषय. आता काही सुचतच नाही."

आतून तिची आई म्हणाली, "बरं झालं भावजी. दहावीचं वर्ष आहे. चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" आईचे चुकले असे मी म्हणणार नाही. सकाळी पाच वाजता उठून चार घरची कामे करणाऱ्या बाईला तसे वाटायचेच. पण मुलगी मान खाली घालून बसली होती, तेव्हा हे प्रकरण अभ्यासाचे नाही एवढे माझ्या लक्षात आले.

मी हिशोबाच्या टेबलावर बावीस वर्षे काढली आहेत. कुणी 'संपले' म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो, शिल्लक किती होती आणि नोंद कुठे आहे? तोच तिला विचारला. तर कळले असे, की बाईसाहेब सुचलेले सगळे मोबाईलमध्ये लिहून ठेवत होत्या, आणि पाणी भरताना मोबाईल पिंपात पडला. तीस-चाळीस विषय होते म्हणते. आठवतात किती? तीन. त्यातला एक धड आठवत नाही.

म्हणजे विषय संपले नव्हते, वाहून गेले होते. सुचत नाही अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. माझा अनुभव वेगळा आहे. सुचते सगळ्यांनाच. नळावर उभे राहिले तरी सुचते, लोकलच्या दारात उभे राहिले तरी सुचते. ते टिकत नाही. आमच्याकडे पावती त्याच दिवशी नोंदवली नाही की ती महिनाअखेरीला सापडत नाही आणि साहेब मात्र सापडतात. कल्पनेचेही तसेच आहे.

मग मी तिला एका माणसाचा आकडा सांगितला. तो तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेत चार्ल्स शुल्झ नावाचे व्यंगचित्रकार होऊन गेले. त्यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. चार्ली ब्राउन हा सतत हरणारा मुलगा आणि स्नूपी हा त्याचा कुत्रा, हे चेहरे आपल्याकडच्या मुलांनीही दप्तरांवर, कंपासपेटीवर पाहिलेले आहेत. शेवटचा रविवारचा भाग १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आला आणि त्याच्या आदल्या रात्री शुल्झ वारले. जवळजवळ पन्नास वर्षे. एकूण भाग १७,८९७. मदतनीस ठेवून चित्रे काढून घेण्याची तिकडे पद्धत आहे, पण यांनी ती कधी पाळली नाही. कल्पना त्यांची, अक्षर त्यांचे, रेघ त्यांची. मोठी रजा एकदाच घेतली, १९९७ साली, पाच आठवड्यांची.

मुलगी म्हणाली, "सतरा हजार विषय कुठून आणले?"

लांबून काही आणले नाहीत. शुल्झ यांचे वडील न्हावी होते, सेंट पॉल नावाच्या गावात त्यांचे दुकान होते. तर चार्ली ब्राउनचे वडीलही न्हावी. लहानपणी घरी स्पाइक नावाचा कुत्रा होता, त्याचा झाला स्नूपी. पोरे घरभर चादर ओढत फिरायची, ती चादर लायनस नावाच्या पात्राच्या हाती दिली. तरुणपणी एका लाल केसांच्या मुलीने लग्नाला नकार दिला, ती मालिकेत 'लाल केसांची मुलगी' म्हणून आली. चार्ली ब्राउन तिच्याकडे नुसता बघत बसतो, बोलण्याचे धाडस त्याला शेवटपर्यंत होत नाही. घर, दुकान, कुत्रा, चादर, नकार. आपल्या चाळीत यातले काय नाही?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १७,८९७ भागांना १७,८९७ वेगळे विषय लागत नाहीत. त्यांच्याकडे काही खुंट्या होत्या, त्यांवर ते पुन्हा पुन्हा काहीतरी टांगत. १९७५ साली स्वतःच्या कामाविषयी लिहिताना त्यांनी अशा बारा गोष्टी मोजून दाखवल्या आहेत. त्यातली एक सर्वांना ठाऊक. लूसी नावाची मुलगी फुटबॉल जमिनीवर धरून बसते, चार्ली ब्राउनला म्हणते लाथ मार. तो धावत येतो, ऐन वेळी ती बॉल काढून घेते आणि हा पाठीवर आपटतो. बस्स, एवढेच. पण बहुतेक दर वर्षी एकदा ही गंमत यायची, आणि वाचक तिची वाट बघायचे. बदलायचे ते एकच, या वर्षी लूसी त्याला पटवते कशी. १९९९ साली शेवटच्या वेळी ती आली, तेव्हा लूसीला घरातून हाक येते आणि ती बॉल धाकट्या भावाच्या हाती देऊन निघून जाते. त्याने बॉल काढून घेतला की धरून ठेवला, हे शुल्झ यांनी सांगितलेच नाही. चाळीसहून जास्त वर्षे चालवलेले खाते त्यांनी असे उघडे सोडले.

'खाते' म्हटल्यावर मला मार्ग सापडला. दुसऱ्या दिवशी येताना दोन रजिस्टरे घेतली. लाल कापडी पाठीची, आडव्या रेघांची. एकावर लिहिले 'कीर्द', दुसऱ्यावर 'खतावणी'.

ज्यांना हिशोबाशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीर्द म्हणजे रोजची नोंद, जे घडले ते घडले त्या क्रमाने. खतावणी म्हणजे तीच नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन लिहायची. कीर्दीत विचार करायचा नाही, फक्त उतरवायचे. विचार खतावणी करताना.

आता कीर्दीत काय लिहावे, इथे बहुतेकांचे फसते. मुलीची पहिली नोंद होती, 'नळावर भांडण, मजेशीर.' मी विचारले, मजा कशाची? तिला दोन दिवसांतच आठवेना. नोंद अशी हवी की सहा महिन्यांनी परक्या माणसाने वाचली तरी दिसले पाहिजे. तेच भांडण पुन्हा आठवून आठवून तिने लिहिले तेव्हा निघाले ते असे. एक म्हातारी जिन्यात बसली होती आणि ओरडून सांगत होती, 'रांगेत माझी बादली उभी आहे, मी कशाला उभी राहू?' आता हे वाक्य म्हणजे नगद माल. त्या बादलीला पाय फुटले, ती चप्पल घालून रांगेत उभी राहिली, अशी एक चौकट मुलीने तिथल्या तिथे काढली. म्हणून माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. विनोद नंतर करता येतो, शब्द नंतर आणता येत नाहीत.

खतावणीत तिने पाने पाडली. बारकी एक पान, आज्जी एक, नळ, रेशन, शाळा, जिना, वीज. शिवाय एक पान महिन्यांचे, कारण वेळ ही मोठी अडचण असते. तिकडे चित्रकाराला रोजच्या भागांचा गठ्ठा कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो. उन्हात घाम पुसत थंडीचे विनोद काढायचे. आपल्याकडे १४ एप्रिलचा भाग १३ एप्रिलच्या रात्री काढायला बसले तर काय होईल? रात्री सगळे मिरवणुकीच्या तयारीत असतात. तो मार्चमध्येच तयार पाहिजे. पहिल्या पावसाचा मेमध्ये, वर्षावासाचा त्याआधी. दहावीच्या परीक्षेत तर कुंचला हातात धरायचा नाही, असे तिच्या आईला मी कबूल केले आहे. म्हणजे त्या दिवसांचा साठा आधीच हवा.

अर्धवट सुचलेलेही टाकू नये. आज्जीच्या पानावर एक नोंद पडली होती, 'आज्जीला वाचता येत नाही, पण विजेच्या बिलाचे मागचे तीन आकडे पाठ.' विनोद काही होत नव्हता. शाळेच्या पानावर दुसरी, 'बारकीला गणितात पस्तीस.' तीही नुसतीच पडून. तीन आठवड्यांनी पाने चाळताना दोन्ही एकमेकांना भेटल्या. बारकी कॅल्क्युलेटर घेऊन बिल तपासते आणि सांगते, बरोबर आहे. आज्जी चष्मा न लावता सांगते, दोनशे रुपये जास्त आहेत. शेवटच्या चौकटीत आज्जी बिलाच्या खिडकीशी भांडत आहे आणि बारकी मागे उभी राहून कॅल्क्युलेटर हलवून बघते आहे. वापरलेली नोंद खोडायची नाही, हाही आमचा नियम. लाल शाईने तारीख टाकायची. फुटबॉलसारखी ती पुढच्या वर्षी पुन्हा उठून उभी राहू शकते.

आपल्या मराठीत 'चिंटू' ही मालिका चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून नोव्हेंबर १९९१ मध्ये पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू केली आणि ती वर्षानुवर्षे चालली. दोघे असले की एक फायदा होतो. एकाला सुचलेले दुसऱ्याला सांगावे लागते, आणि सांगताना कळते की यात दम आहे की नाही. आमच्या मुलीला जोडीदार नाही. म्हणून ती धाकट्या भावाला सांगते. तो हसला तर ठीक, 'मग पुढे?' म्हणाला तर परत कीर्दीत.

हे सगळे झाले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण कोपरा पूर्वीसारखा भरेना. चित्र येई, पण लोक थांबत नसत. विजेच्या बिलाचा भागही तिने काढून घरीच ठेवला होता, लावला नव्हता. कीर्द मागवून बघितली तर पान पान कावळे. कावळा पत्र्यावर, कुत्रा जिन्याखाली, मांजर, पाऊस, पुन्हा कावळा. रोज दोन नोंदी, पण माणूस नाही. मी कागद बघणारा माणूस आहे, कागदात काहीतरी लपले आहे एवढे कळते. वाचनालयाच्या कपाटातून तिचे जुने अकराही भाग काढले आणि तारखेप्रमाणे फरशीवर मांडले. सातव्या भागापर्यंत सगळीकडे माणसे. आठव्यापासून कावळे.

सातवा भाग रेशनच्या रांगेचा होता. रांगेतली एक बाई, चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, आणि ती तो पदराखाली झाकत पुढे सरकते आहे. चित्र सुंदर होते. मीही हसलो होतो. आता लक्षात आले की ती बाई कोण ते सगळ्यांनी ओळखले होते. पोरे आमच्या जिन्याजवळ राहणाऱ्या मावशींना 'सुतळी' म्हणून हाका मारू लागली होती. मावशी वाचनालयातल्या शिवणवर्गाला यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटले होते, तब्येत बरी नसेल. मुलीला खरे माहीत होते. त्यानंतर तिने माणसाकडे बघणेच सोडून दिले. विषय संपले नव्हते, वाहूनही गेले नव्हते. तिने दार लावून घेतले होते.

माझ्या दोन रजिस्टरांत याचा उपाय नव्हता. तेव्हा पुन्हा शुल्झ यांच्याकडे वळलो, कारण त्यांच्यापुढेही असाच एक पेच आला होता, जरा वेगळ्या बाजूने.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी, १५ एप्रिलला, लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन या बाईंनी शुल्झ यांना पत्र लिहिले. बाई शिक्षिका, तीन मुलांची आई, स्वतः गोऱ्या. त्यांचे म्हणणे असे की तुमच्या मालिकेतल्या मुलांच्या टोळीत एक कृष्णवर्णीय मूल असू द्या. एका सामान्य वाचकाने पाठवलेली ही कल्पना. शुल्झ यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. कल्पना त्यांना आवडली होती, पण भीती वाटत होती. आपण वरून खाली बघून उपकार केल्यासारखे तर दिसणार नाही ना?

दुसरा कुणी असता तर पत्र फाईलला लावून मोकळा झाला असता. बाईंनी मात्र त्यांची परवानगी घेऊन ते उत्तर आपल्या कृष्णवर्णीय मित्रांना दाखवले. त्यातले केनेथ केली हे दोन मुलांचे वडील. त्यांनी शुल्झ यांना लिहिले, की उपकाराचा आरोप झाला तरी ती किंमत फार मोठी नाही. आणि त्या मुलाला नायक करण्याची सुद्धा गरज नाही, रोजच्या एखाद्या साध्या प्रसंगात तो इतरांबरोबर असू दे. ३१ जुलै १९६८ च्या भागात चार्ली ब्राउन समुद्रकिनाऱ्यावर आहे. त्याचा चेंडू पाण्यात गेलेला. एक मुलगा तो आणून देतो. हा फ्रँकलिन. मग दोघे वाळूचा किल्ला करतात. भाषण नाही, उपदेश नाही. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात बसलेला दाखवला, तेव्हा दक्षिणेकडच्या एका संपादकाने हरकत घेतली. मालिका वितरित करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनाही बदल हवे होते. त्यांना शुल्झ यांनी सांगितले की मी काढले तसे छापा, नाहीतर मी काम सोडतो. चित्र तसेच छापले गेले.

फ्रँकलिन पुष्कळ वर्षे फार काही करत नाही, नुसता चांगला वागतो, असे म्हणणारे टीकाकारही आहेत. मला ते पटते. ज्याचे घर आपण आतून पाहिलेले नाही त्याच्यावर विनोद करायला हात कचरतो. मॉरी टर्नर या कृष्णवर्णीय व्यंगचित्रकाराने 'वी पाल्स' ही मालिका १९६५ सालीच सुरू केली होती. त्यात सगळ्या रंगांची मुले एकमेकांची चेष्टा करतात, कारण काढणाऱ्याचा हात कचरत नव्हता. पण सुरुवातीला ती छापायला फक्त पाच वर्तमानपत्रे पुढे आली. १९६८ नंतर संख्या शंभरावर गेली.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण काका, मावशींना मी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन मावशींकडे गेली. मी गेलो नाही. तिच्या आईने सांगितले ते असे. मावशींनी बसायला दिले, चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चित्रात मी होते, मग आधी मला दाखवायचं होतंस. भिंतीवर का दाखवलंस?" एवढेच. मुलगी रडली. मावशींनी रडू दिले.

आता कीर्दीत एक नवा रकाना पाडला आहे, 'कोणाचे'. नोंद कोणाची आहे ते त्यात लिहायचे. त्या माणसाला चित्र दाखवल्याशिवाय ते भिंतीवर जात नाही, आणि कमीपणा येणारे काही असेल तर ते बारकीच्या वाट्याला द्यायचे. शुल्झ यांनी तेच केले होते. शाळेच्या वार्षिकांकात त्यांची चित्रे नाकारली गेली, आयुष्यात नकार पचवले, ते सगळे त्यांनी चार्ली ब्राउनच्या अंगावर घातले. शेजाऱ्याच्या नाही. मागच्या महिन्यात सुतळीची चप्पल पुन्हा भिंतीवर आली. या वेळी ती बारकीच्या पायात होती, शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत. लावण्याआधी मुलगी ती मावशींना दाखवून आली. मावशींनी एक दुरुस्ती सांगितली, सुतळीची गाठ वरून दिसत नाही, खालून मारतात.

वाचनालयात बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला आहे, झाकणाला चीर पाडून. ज्याला बारकीसाठी काही सुचेल त्याने चिठ्ठी टाकावी. सध्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या पाण्याच्या टँकरवाल्याला शिव्या आहेत. त्या मुलीने टाकून दिल्या नाहीत. 'नळ' या खात्यावर चढवल्या आहेत, शिव्या गाळून.

परीक्षेच्या दिवसांसाठी दहा भाग हवेत. सात तयार आहेत, तीन व्हायचे आहेत. दोन्ही रजिस्टरे आता वाचनालयाच्या कपाटात असतात, चावी ग्रंथपालांकडे. पाण्याच्या पिंपापासून कपाट चांगले पंधरा पावले लांब आहे, मी मोजून घेतले आहे.